डबा बदलण्याआधी तार तपासा

अंबड औद्योगिक वसाहतीत कारखान्यांना माल पोचवणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका भाईंची पिकअप गाडी ऐन पावसाळ्यात एका सकाळी बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन फिरे, पण चालू होत नसे. गाडी ओढून जवळच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रीने स्कॅनर लावला, पण स्कॅनरचे गाडीशी बोलणेच होईना. दहा मिनिटांत निकाल लागला, "ईसीएम गेला. नवा टाकावा लागेल." नव्या डब्याची किंमत, चावी जुळवण्याचा खर्च आणि मजुरी मिळून जो आकडा सांगण्यात आला, तो गाडीच्या तीन हप्त्यांहून मोठा होता. भाई उसनवारीच्या तयारीला लागले.

दुपारी त्यांच्या मेव्हण्याने एका जुन्या वायरमनला बोलावून आणले. त्याने स्कॅनर बाहेर काढलाच नाही. साधा डिजिटल मीटर काढला. एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी ईसीएमच्या अर्थ तारेला लावली आणि शागिर्दाला सेल्फ मारायला सांगितले. मीटरने जिथे जवळजवळ शून्य दाखवायला हवे होते तिथे आकडा दोन व्होल्टच्या वर गेला. बॅटरीच्या ट्रेखाली चॅसिसला कसलेली अर्थची लग पाण्याने आणि अ‍ॅसिडने खाऊन हिरवी पडली होती. त्याने ती कापून नवी लग दाबून बसवली, खालचा पत्रा पॉलिश पेपरने घासला आणि वरून ग्रीस लावले. गाडी चालू झाली. सगळे काम तासाभराचे.

पहिला मिस्त्री लबाड होता असे आम्हाला म्हणायचे नाही. त्याने नवा डबा टाकला असता तरी ती लग तशीच राहिली असती, गाडी चालू झाली नसती आणि तो स्वतःच अडचणीत आला असता. त्याला फसवायचे नव्हते. त्याला मोजता येत नव्हते. आपल्या धंद्याचे आजचे खरे दुखणे हेच आहे.

आपला धंदा आणि बदललेली गाडी

२००६ साली सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम कामगार ज्या मोजक्या व्यवसायांत अधिक प्रमाणात आहेत त्यांत मोटार दुरुस्तीचाही उल्लेख केला होता. आपल्याला त्यासाठी अहवाल वाचण्याची गरज नव्हती. नाशिकच काय, राज्यातल्या कोणत्याही शहरातील गॅरेजच्या रांगेतून एक चक्कर मारली तरी ते दिसते. उस्तादाच्या हाताखाली बारा-चौदा वर्षांचा मुलगा पाने देता देता शिकला आणि पुढे स्वतःचे गॅरेज काढून बसला, अशीच आपल्यातील बहुतेकांची कहाणी आहे.

ते शिक्षण कानाचे आणि हाताचे होते. टॅपेटचा आवाज ऐकून, सायलेन्सरचा धूर पाहून, प्लगचा रंग पाहून उस्ताद आजार सांगत असे. कार्बोरेटर आणि पॉइंटच्या गाडीला ते पुरत होते. पण १ एप्रिल २००० पासून देशभर प्रदूषणाचे नवे मानक आले आणि पेट्रोलच्या गाड्यांतून कार्बोरेटर भराभर गेला. पुढे डिझेलच्या गाड्यांत कॉमन रेल आली. एप्रिल २०१० पासून बीएस-४ गाड्यांत दोष स्वतः नोंदवणारी व्यवस्था सक्तीची होऊ लागली आणि २०१३ पासून तिचा पुढचा टप्पा आला. १ एप्रिल २०२० पासून देशभर फक्त बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. आज इंजिनात डिझेल किती आणि कोणत्या क्षणी जायचे हे मिस्त्रीचा स्क्रू ठरवत नाही, ईसीएम ठरवतो.

यातली नवलाची बाब अशी की हे सारे आपल्या दारातच बनते. सातपूरच्या मायकोमध्ये, म्हणजे आजच्या बॉशमध्ये, डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर तयार होतात. २००२ साली आलेली स्कॉर्पिओ नाशिकच्या महिंद्रच्या कारखान्यातून बाहेर पडली. अंबडमधील अनेक लहान कारखान्यांचे पोट मोटारीच्या सुट्या भागांवर चालते. ज्या गावात इंजेक्टर बनतो, त्याच गावातील मिस्त्री इंजेक्टरच्या दोन तारांना हात लावायला घाबरतो, ही गोष्ट आपल्याला खटकली पाहिजे.

डब्यात असते तरी काय?

भीती जाण्यासाठी आधी हे समजून घेतले पाहिजे. ईसीएम हा एक मुनीम आहे. त्याच्याकडे खबर घेऊन येणारे सेन्सर आहेत. क्रँक किती वेगाने आणि कोणत्या स्थितीत फिरतो आहे, पाणी किती गरम आहे, हवा किती आत येते आहे, पॅडल किती दाबले आहे, रेलमध्ये दाब किती आहे, अशा खबरा ते देतात. मुनीम हिशेब करतो आणि इंजेक्टर, कॉइल, पंप, रिले यांना हुकूम सोडतो.

मुनीम कितीही हुशार असला तरी त्याला पोटाला लागतेच. त्याला बॅटरीचा पक्का प्लस हवा, पक्का अर्थ हवा, आणि सेन्सरना तो स्वतः जे पाच व्होल्ट पुरवतो ते शाबूत हवेत. यांतले एकही बिघडले की मुनीम गप्प बसतो किंवा चुकीचा हिशेब करतो आणि आपण म्हणतो, डबा गेला. आमचे स्पष्ट मत आहे की "डबा गेला" हा निकाल सर्वांत शेवटी द्यायचा असतो. आपण तो सर्वांत आधी देतो.

स्कॅनर हा साक्षीदार आहे, काजी नव्हे

हल्ली स्वस्त स्कॅनर मिळतात. मोबाइलला जोडायचे यंत्र तर फारच स्वस्त आहे. त्यामुळे काही तरुण मिस्त्रींचा समज झाला आहे की कोड आला, तो भाग बदलला, काम संपले. पण कोड भागाचे नाव सांगत नाही, तो मंडळाचे नाव सांगतो. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सर खराब असे नव्हे. क्रँक सेन्सर, त्याचा कपलर, त्याची तार आणि ईसीएममधील त्याचे टोक यांपैकी कुठेतरी गडबड आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो भाग नवा टाकूनही तोच कोड परत येतो तेव्हा मिस्त्री पुढचा निष्कर्ष काढतो की मग ईसीएमच गेला असणार. तार तपासायची राहूनच जाते.

एक साधे उदाहरण घेऊ. पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचा पी ०११८ हा कोड आला आणि स्कॅनर उणे ४० अंश दाखवू लागला. नाशिकमध्ये उणे ४० अंश थंडी पडत नाही, तेव्हा मंडळ कुठेतरी तुटले आहे हे उघड आहे. दोन तारांचा सेन्सर असेल तर कपलर काढून त्या दोन तारा एका तुकड्याने जोडा. स्कॅनरवरील आकडा एकदम वरच्या टोकाला गेला तर तार आणि ईसीएम दोन्ही शाबूत आहेत, सेन्सर बदला. आकडा हलला नाही तर सेन्सर निर्दोष आहे, तार शोधा. पाच मिनिटांची ही चाचणी ग्राहकाचे हजारो रुपये वाचवते. मात्र ती फक्त दोन तारांच्या तापमान सेन्सरवर करायची. दुसऱ्या सेन्सरच्या तारा अशा जोडल्या तर नुकसान होईल.

तपासणीचा क्रम

प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा क्रम पुढे देत आहोत. तो कोणत्याही एका कंपनीच्या गाडीचा नाही.

पहिली गोष्ट बॅटरी. सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडत असेल तर ईसीएम जागाच राहत नाही. बॅटरी ठीक झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी गोष्ट प्लस. फ्यूज नुसता पाहून नव्हे, मीटरने तपासा. मेन रिले बसल्याचा आवाज आला म्हणजे तिच्या जळालेल्या पॉइंटमधून करंट पुढे जातोच असे नाही. ईसीएमच्या कपलरवरच मोजा.

तिसरी गोष्ट अर्थ. ती चालू मंडळात, सेल्फ मारता मारता मोजायची. बॅटरीचा मायनस आणि ईसीएमचा अर्थ यांत दशांश दोन व्होल्टच्या वर फरक दिसला तर अर्थ खराब समजा. गाडी बंद असताना बझर वाजला म्हणून तार चांगली ठरत नाही. दहा बारीक तारांपैकी एक शिल्लक असली तरी बझर वाजतो.

चौथी गोष्ट पाच व्होल्ट. सेन्सरच्या कपलरवर पाच व्होल्ट नसतील तर डब्याला दोष देण्याआधी सेन्सर एकेक करून काढत जा. एखादा काढताच पाच व्होल्ट परत आले तर तो सेन्सर किंवा त्याची तार आतून अर्थ झाली होती. एक बिघडलेला सेन्सर सगळ्यांचे पाणी तोडतो.

पाचवी गोष्ट बोलण्याच्या तारा. स्टिअरिंगखालच्या सोळा टोकांच्या सॉकेटमध्ये ४ आणि ५ नंबरला अर्थ आणि १६ नंबरला बॅटरीचा प्लस असतो. सिगारेट लायटरचा फ्यूज उडाल्यामुळे काही गाड्यांत सॉकेटला प्लसच मिळत नाही आणि स्कॅनर चालत नाही, हे किती जण पाहतात? नव्या गाड्यांत ६ आणि १४ नंबरच्या तारा कॅनच्या असतात. बॅटरी काढून त्या दोहोंत मोजले असता बहुतेक गाड्यांत साठ ओहमच्या आसपास आकडा येतो. एकशेवीस आला तर एक टोक सुटले आहे, शून्याजवळ आला तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

हे पाचही टप्पे पार झाले, सर्व सेन्सर काढूनही पाच व्होल्ट येत नाहीत, किंवा खबर आत जाते आहे पण हुकूम बाहेर येत नाही, तेव्हाच डबा गेला असे म्हणा. आणि तेव्हाही एक प्रश्न विचारा, तो कशामुळे गेला?

डबा मरतो तो बहुधा आपल्या हातून

हे वाक्य कडू वाटेल, पण ते बोलले पाहिजे. जुन्या गाडीवर चालून गेलेल्या काही सवयी नव्या गाडीला विष आहेत.

चालू इंजिनवर बॅटरीचा लग काढून डायनॅमो चार्ज करतो की नाही हे पाहण्याची सवय जुन्या उस्तादांनीच आपल्याला लावली. नव्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि ईसीएमपर्यंत जाते. चॅसिसला किंवा बॉडीला आर्क वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीएमचे कपलर न काढणे ही टेम्पोच्या कामातली नेहमीची चूक आहे. जंपर लावताना प्लस-मायनस उलटे जोडणे, बल्बच्या टेस्ट लॅम्पने सेन्सरच्या तारा तपासणे, तारेच्या प्लास्टिकला पिन टोचून ते भोक तसेच सोडणे, सर्व्हिसिंगला जोरदार फवाऱ्याने इंजिन धुताना डब्यावर पाणी मारणे, या सगळ्यांचा हिशेब महिन्या-दोन महिन्यांनी चुकता होतो. तोवर गाडी दुसऱ्याच गॅरेजमध्ये गेलेली असते आणि दोष कुणाच्या हातून झाला हे कुणालाच कळत नाही.

काही वेळा डबा बाहेरच्या कारणाने मरतो. आतून शॉर्ट झालेली कॉइल किंवा इंजेक्टर ईसीएममधील त्याचा ट्रान्झिस्टर जाळते. ती कॉइल तशीच ठेवून नवा डबा लावला तर नवाही जळतो. म्हणून डबा बदलण्याआधी प्रत्येक कॉइल आणि इंजेक्टर मोजणे हे ऐच्छिक काम नाही.

दुरुस्ती होते, पण जपून

डबा खरोखर गेला तरी तो नेहमीच फेकण्यासारखा नसतो. पाणी शिरले असेल तर बोर्ड काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन वाळवता येतो. उष्णतेने आणि हादऱ्याने तडकलेला सोल्डर पुन्हा मारता येतो, गळलेला कपॅसिटर आणि जळलेला ट्रान्झिस्टर बदलता येतो. मोबाइल आणि टीव्ही दुरुस्त करणारी आपली मुले हे काम हाताने करूच शकतात. त्यांना गाडी माहीत नसते आणि गाडीवाल्याला बोर्ड माहीत नसतो, एवढेच. दोघांनी एकत्र बसावे. मात्र काहीही करण्यापूर्वी डब्यातील माहितीची प्रत काढून ठेवली पाहिजे. ती गेली तर चांगला बोर्डही निरुपयोगी होतो.

जुना डबा आणून लावण्याचा मार्ग पूर्वीसारखा सोपा राहिलेला नाही. अंबड-सातपूर लिंक रोडवरील भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये मोहीम काढून हटवला, हे आपल्याला आठवत असेल. पण बाजार असो वा नसो, आजचा डबा चावीशी बांधलेला असतो. दुसऱ्या गाडीचा डबा चावी ओळखत नाही आणि इंजिन चालू होऊ देत नाही. कॉमन रेलच्या गाडीत तर प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा क्रमांक डब्यात भरावा लागतो. हे माहीत नसताना भंगारातून डबा विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. शिवाय तो डबा कुठून आला याची पावती नसेल तर चोरीच्या मालाचे लचांड मागे लागते. तसेच धुराची यंत्रणा बंद करण्यासाठी डब्यातील माहिती बदलून देण्याचा जो धंदा काही ठिकाणी चालतो, त्यापासून आपल्या लोकांनी दूर राहावे. तो कायद्याला धरून नाही आणि तो धूर आपल्याच गल्लीतील मुलांच्या छातीत जातो.

निदानाची मजुरी मागायला लाजू नका

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मिस्त्री तपासण्याऐवजी भाग का बदलतो? कारण आपण तपासणीचे पैसे घेत नाही. डॉक्टर नाडी पाहण्याचे पैसे घेतो, वकील सल्ल्याचे घेतो. आपला उस्ताद मात्र दोन तास वाकून दोष शोधतो आणि "एक फ्यूज बदलला" म्हणून चहापाण्यापुरते घेतो. मग घरखर्च भागवायला सुट्या भागांच्या कमिशनवर अवलंबून राहावे लागते आणि जिथे भाग महाग तिथे मोह मोठा. असे करता करता चांगला माणूसही वाकड्या वाटेला लागतो.

यावर उपाय एकच. गाडी आत घेतानाच सांगा, तपासणीची मजुरी इतकी. दोष सापडला तर कुठे आणि कसा मोजला ते दाखवीन. काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्या. मीटरचा आकडा कागदावर लिहून द्या. सुरुवातीला चार ग्राहक कुरकुर करतील, एखादा निघून जाईल. पण ज्या भाईंचे तीन हप्ते वाचले ते आज आपल्या ओळखीतली प्रत्येक गाडी त्याच वायरमनकडे पाठवतात. ग्राहकाने विश्वासाने सोडलेली गाडी ही अमानत आहे, आणि खरे निदान ही तिची परतफेड आहे.

हक्कही आपलेच

काही जण म्हणतात की कंपन्या माहितीच देत नाहीत, मग आपण काय करणार? ही तक्रार खोटी नाही. २०११ साली एका कारमालकाने याच प्रश्नावर भारतीय स्पर्धा आयोगाकडे दाद मागितली होती. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना मिळाली पाहिजेत आणि बाहेर काम करून घेतले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असे त्या आदेशात होते. प्रकरण पुढे अपिलात गेले आणि डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या दंडाची रक्कम कमी केली, पण त्यांच्याविरुद्धचा निष्कर्ष कायम ठेवला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, त्यातही मोटारींचा समावेश आहे.

एवढे सगळे आपल्या बाजूने बोलले गेले, पण आपल्यापैकी किती गॅरेजवाल्यांना ते ठाऊक आहे? हक्क मागायला नोंदणी लागते, पावतीपुस्तक लागते, संघटना लागते. यांतले काहीच नसेल तर निकाल कागदावरच राहतो.

अंबडमध्ये काय करता येईल

एका गॅरेजला चांगला स्कॅनर परवडत नाही, पण दहा गॅरेजना मिळून परवडतो. दहा जणांनी वर्गणी काढून एक चांगले यंत्र आणि एक ऑसिलोस्कोप घ्यावा आणि वार ठरवून वापरावा. भांडवल कमी पडल्यास मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे चौकशी करावी. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकबरोबर वाहनांच्या इलेक्ट्रिकल व इलेक्ट्रॉनिक्सचाही अभ्यासक्रम आहे. दहावी झालेल्या मुलाला सरळ गॅरेजमध्ये न बसवता आधी तिकडे पाठवावे आणि संध्याकाळी उस्तादाकडे. जे आधीच कामात मुरले आहेत त्यांना असलेल्या हुनराची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवण्याची सोय सरकारी योजनांत झाली आहे, तिचा लाभ घ्यावा.

आणि शेवटचे उस्ताद मंडळींना. आपल्याकडे एक वाईट खोड आहे, शेवटची किल्ली शागिर्दाला द्यायची नाही. पाने-पक्कडीच्या काळात ते एक वेळ खपून गेले. आज उस्तादाला इंजिन कळते आणि मुलाला मीटर आणि मोबाइल कळतो. दोघांनी एकमेकांपासून लपवले तर दोघेही अर्धे राहतील आणि गाडी कंपनीच्या शोरूमकडे जाईल.

पुढच्या वेळी गाडी बंद पडून आली, स्कॅनर गप्प बसला आणि तोंडावर "ईसीएम गेला" हे शब्द आले, तर ते गिळा. मीटर काढा आणि आधी अर्थची तार तपासा.